परदेशातील बैठका आणि लातूरची शिदोरी : एका घरगुती खाद्यपदार्थ केंद्राचे परीक्षण

लातूरच्या गंज गोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्याच्या आतल्या गल्लीत एका महिला बचत गटाचे घरगुती खाद्यपदार्थांचे केंद्र आहे. येसर, मेतकूट, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, धपाटे, खारोड्या, कुरडया असा अस्सल मराठवाडी माल तेथे मिळतो आणि लग्नसराईत रुखवताच्या तयारीसाठी तेथे उभे राहायला जागा नसते. पाण्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एका संस्थेच्या वतीने मी परदेशातील बैठकांना जाते. या केंद्राने ‘प्रवासाचा डबा’ म्हणून जी सोय सुरू केली आहे, ती अशा प्रवाशाच्या कितपत उपयोगाची आहे, एवढेच या परीक्षणात पाहायचे आहे. माझे मत आधीच नोंदवते : या डब्यातील निम्मे पदार्थ उत्कृष्ट आहेत आणि उरलेले निम्मे घरी खाण्यासाठीच घ्यावेत. कोणते पदार्थ कशासाठी, हे मात्र तेथील मावशी गिऱ्हाइकाने न विचारताही सांगतात.

ज्यांचा अशा बैठकांशी संबंध आलेला नाही, त्यांना शिदोरीची एवढी चर्चा कशासाठी, असे वाटणे साहजिक आहे; म्हणून तेथील दिनक्रम थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराची मोठी वार्षिक परिषद दरवर्षी वेगवेगळ्या देशांत होते, परंतु तिच्या सहायक मंडळांचे अधिवेशन दर जूनमध्ये जर्मनीतील बॉन येथेच भरते. ऱ्हाइन नदीच्या काठी जेथे एके काळी पश्चिम जर्मनीची संसद बसत असे, त्याच आवारात आता हे अधिवेशन चालते. सकाळी ‘यंगो’ या तरुणांच्या अधिकृत गटाची बैठक, त्यानंतर दहा ते एक आणि तीन ते सहा अशी सत्रे, आणि सहानंतर दुभाषे उठून गेले तरी मसुद्यात कंसांत ठेवलेल्या, म्हणजे अजून सहमती न झालेल्या, मजकुरावर चालणारी अनौपचारिक चर्चा, असा तो दिवस असतो. 2025 च्या अधिवेशनात तर कार्यक्रमपत्रिका मंजूर व्हायलाच दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उजाडली. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे बाहेर लख्ख उजेड असताना आपण निघतो आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत आसपासच्या बहुतेक खानावळींची चूल विझलेली असते. रविवारी, रेल्वे स्थानकातील मोजकी दुकाने सोडली, तर कायद्यानेच बहुतेक सगळी दुकाने बंद असतात. सभागृहाच्या उपाहारगृहात शाकाहारी पदार्थ मिळतात, नाही असे नाही. परंतु एका वेळच्या जेवणाला दहा-पंधरा युरो मोजताना लातूरच्या माणसाचा हात आखडतोच. शिवाय दैनिक भत्ता हा तरुण प्रतिनिधीच्या दृष्टीने नुसता जेवणाचा खर्च नसतो. पुढच्या व्हिसाचे शुल्क त्याला बहुतेक वेळा त्यातूनच बाजूला काढावे लागते. जर्मनीसह बहुतेक युरोपीय देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून 2024 पासून 90 युरो झाले आहे, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी.

प्रवासाचे स्वरूपही शिदोरीच्या निवडीवर परिणाम करते. लातूरहून रात्रीच्या रेल्वेने मुंबई, तेथून विमानाने फ्रँकफर्ट, विमानतळाला लागूनच असलेल्या स्थानकावरून वेगवान रेल्वेने झीगबुर्ग आणि तेथून 66 क्रमांकाच्या ट्रामने बॉन, असा हा मार्ग आहे. प्रत्येक टप्प्यावर बॅग स्वतःच उचलावी लागते. म्हणून पदार्थ हलका हवा, आपटला तरी निभावणारा हवा, आणि मुक्कामाच्या खोलीत पाणी उकळण्याच्या किटलीखेरीज काहीही नसते हे गृहीत धरून बनवलेला हवा. या तीन कसोट्या लावूनच मी पुढील पदार्थ तपासले आहेत.

सर्वांत वरचे स्थान मी मेतकुटाला देते. भाजून दळलेले असल्यामुळे ते शिजवावे लागत नाही, वजनाला नगण्य असते आणि महिनोन्महिने टिकते. केंद्रात डबा ठरवताना तेथील वडीलधाऱ्या मावशींनी पहिला प्रश्न विचारला, तो असा : “पोरी, तिकडं दही मिळतंय का? मिळत असंल तर मेतकूट जास्तीचं ने, पापडाचं ओझं कशाला?” त्यांचा हा हिशेब अचूक ठरला. जर्मनीतील कोणत्याही किराणा दुकानात दही मुबलक मिळते. फक्त फळे व साखर घातलेले गोड दही त्याच कप्प्यात ठेवलेले असते, तेवढे पारखून घ्यावे लागते. तिकडचे दही आपल्या विरजणापेक्षा घट्ट आणि कमी आंबट असते, आणि मेतकुटातील मेथी-हिंगाचा किंचित कडवटपणा त्यात चांगला मुरतो. दह्यात दोन चमचे मेतकूट कालवून त्यात कडक भाकरी चुरायची आणि वरून शेंगदाण्याची चटणी भुरभुरायची, एवढ्यावर रात्रीचे जेवण होते आणि भांडे म्हणून दह्याचाच डबा पुरतो.

कडक भाकरीच्या बाबतीत या केंद्राचे कौशल्य खास आहे. भाकरी मालदांडी ज्वारीची, पापडाइतकी पातळ आणि मंद आचेवर पूर्ण वाळेपर्यंत शेकलेली असते; मोडताना काटकन आवाज झाला नाही तर ती भाकरी बाजूला काढली जाते, हे मी तेथे उभी राहून पाहिले आहे. डबा गिऱ्हाइकाने स्वतःचा आणावा असा त्यांचा आग्रह असतो, आणि तोही भाकरीच्या घेरापेक्षा बोटभरच मोठा असलेला गोल स्टीलचा. दर दोन भाकऱ्यांमध्ये बटर पेपर घालतात आणि कडेच्या फटीत कागदाच्या घट्ट गुंडाळ्या बसवतात, त्यामुळे भाकरीला डब्यात हलायला जागा उरत नाही. मुंबईच्या विमानतळावर सामान ज्या पद्धतीने पट्ट्यावर आदळते ते पाहता, वरच्या एक-दोन भाकऱ्यांचे तुकडे होणे आणि बाकीच्या शाबूत राहणे ही कामगिरीच म्हणावी लागेल. ऱ्हाइनकाठच्या दमट हवेत उघडा राहिलेला डबा मात्र दोन दिवसांत सादळतो. प्रत्येक डब्यासोबत ओलावा शोषणारी एखादी पुडी दिली तर हा दोष सहज दूर होईल.

या भाकरीने बैठकीतही एक काम केले. दुपारच्या सुट्टीत आम्ही काही जण आपापले खाणे घेऊन हिरवळीवर बसलो असताना सुदानहून आलेल्या एका प्रतिनिधीने भाकरीचा तुकडा तोंडात टाकताच धान्य ओळखले, कारण त्यांच्याकडेही ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची किसरा नावाची पातळ भाकरी रोजच्या जेवणात असते. ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेतली. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, त्या निमित्ताने कितीतरी पत्रके निघाली; पण दुष्काळी भागातील पिकांविषयी त्या दिवशी हिरवळीवर झालेली चर्चा मला अधिक मोलाची वाटली. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते, हा संदर्भ मी सभागृहात देते तेव्हा ऐकणारे माना डोलावतात. भाकरी मोडत सांगितला तेव्हा लोकांनी प्रश्न विचारले.

शेंगदाण्याची चटणी चवीला निःसंशय उत्तम आहे. ती यंत्रावर बारीक केलेली नसून उखळात कुटलेली असल्याने दाण्याचे तेल सुटून ती ओलसर, चिकटसर होते, आणि लातूर-सोलापूरकडच्या माणसाला चटणीकडून हेच अपेक्षित असते. प्रवासात मात्र हाच गुण अडचणीचा ठरतो, कारण सुटलेले तेल पिशवीच्या शिवणीतून वाट काढते. हवा काढून बंद केलेली पिशवी आणखी एका पिशवीत घालण्याची पद्धत केंद्राने सुरू केली आहे आणि ती बऱ्याच अंशी यशस्वी आहे. लसणाचे प्रमाण कमी असलेली चटणी सांगून बनवून घ्यावी, असे मी सुचवीन. बंद खोलीत वीस देशांच्या प्रतिनिधींसोबत मसुदा वाचायचा असतो, याची जाणीव न्याहारीच्या वेळीच ठेवलेली बरी.

येसराबद्दल माझे मत संमिश्र आहे. लग्नाच्या पंगतीतील येसर आमटी ज्यांनी वाढत्या वाफेसह भुरकली आहे, त्यांना केवळ उकळते पाणी ओतून केलेली आमटी पटणार नाही, कारण फोडणी नसेल तर तिला कच्चट वास राहतो. किटलीतच येसर उकळण्याचा विचार कोणी करू नये. पीठ तळाशी धरते आणि किटलीचे पैसे भरावे लागतात. सामाईक स्वयंपाकघर असलेल्या वसतिगृहात मुक्काम असेल, तर मात्र येसरासारखा आधार नाही. धपाटे रेल्वेत आणि विमान बदलण्याच्या मुक्कामात खाऊन संपवावेत, तिसऱ्या दिवसावर त्यांचा भरवसा धरू नये. बाजरीच्या खारोड्या कच्च्याही चांगल्या लागतात, त्यामुळे दाण्यांसोबत खिशात ठेवण्यास योग्य. पापड, कुरडया, सांडगे यांना तेल आणि कढई लागते, आणि तिकडच्या खोल्यांत धुराची सूचना देणारे यंत्र छतावर बसवलेले असते. एवढे सांगितले म्हणजे पुरे.

सीमाशुल्काचे नियम या केंद्रातील मंडळींना चांगले ठाऊक आहेत, याचे मला विशेष वाटले. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेण्यास मनाई आहे. म्हणजे आपल्या भागाची शान असलेला कुंथलगिरीचा खवा आणि पेढा, तसेच साजूक तूप, यांना येथेच निरोप द्यावा लागतो. पाव, बिस्किटे यांसारख्या भाजलेल्या पदार्थांना त्या बंदीतून सूट आहे. ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता यांसाठी डिसेंबर 2019 पासून वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढेच त्यातून वगळले आहेत. म्हणून केशर आंब्याची पेटी नेण्याचा नातेवाइकांचा आग्रह मोडून काढावा. आपल्याकडील विमान कंपन्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ देत नाहीत, कारण त्यातील तेलामुळे ते पेट घेण्याचा धोका असतो. केंद्राने प्रवासाच्या डब्यातून त्या आधीच काढून टाकल्या आहेत. तिखट, मसाला आणि लोणचे हातातल्या सामानात न ठेवता मोठ्या बॅगेत ठेवण्याची सूचनाही पावतीच्या मागे लिहून मिळते.

एवढी जागरूकता असूनही वेष्टनावरील मजकूर अपुरा आहे, ही माझी मुख्य तक्रार. पदार्थाचे नाव आणि घटक केवळ मराठीत छापलेले आहेत. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसारही हा तपशील इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे अपेक्षित आहे. आणि परदेशातील तपासणीच्या टेबलावर पिवळसर भुकटीची पिशवी उघडून दाखवण्याची वेळ आली, तर मराठी अक्षरे कोणाच्या कामी येणार? परवाना क्रमांक आणि तयार केल्याची तारीख ठळक आहे, ही चांगली गोष्ट. परंतु त्याखाली गहू, हरभरा डाळ, उडीद डाळ, मेथी अशी चार इंग्रजी नावे टाकायला फारसा खर्च येत नाही. सध्या मी घरीच इंग्रजी चिठ्ठ्या छापून पिशव्यांवर चिकटवते. शेंगदाण्याचा उल्लेख तर ठळक हवाच, कारण बैठकीत आपण प्रेमाने पुढे केलेली चटणी समोरच्याला शेंगदाण्याचे वावडे असल्यास जिवावर बेतू शकते.

दर बाजारातील तयार मालापेक्षा थोडे चढे आहेत. उखळाचे काम आणि निवडलेली ज्वारी पाहता मला ते योग्य वाटतात. एका आठवड्याची शिदोरी बॉनमधील दोन-तीन जेवणांच्या खर्चात बसते. पैसे मोबाइलवरून देता येतात, माल मात्र केंद्रात जाऊन न्यावा लागतो, घरपोच सेवा नाही.

मागणी किमान आठ दिवस आधी नोंदवावी. जूनच्या बैठकांसाठी निघणाऱ्यांनी तर एप्रिलमध्येच सांगून ठेवावे, कारण मे महिन्यात सगळ्या जणी रुखवताच्या आणि वाळवणाच्या कामात गुंतलेल्या असतात आणि कडक भाकरीला हात मोकळा नसतो. महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा सुरू झाली की गट तेथे स्टॉल लावतो. त्या काळात गल्लीतले केंद्र बंद असते आणि प्रवासाचे डबे घेतले जात नाहीत. मार्चमध्ये बैठकांसाठी जिनिव्हाकडे जाणाऱ्यांनी तेवढी तारीख पाहून ठेवावी.