सातपुड्याच्या ओढ्यात जलकीटक मोजायचे: किक नेट की सर्बर?

तोरणमाळच्या ओढ्यांतले जलकीटक नोंदवायला कोणती जाळी घ्यावी, असं नंदुरबारच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं.

खर्चात किक नेट सरळ जिंकते: दोन बांबू, मध्ये मीटरभर जाळी; ती प्रवाहात आडवी धरायची आणि तिच्या वरच्या अंगाचा तळ पायानं ढवळायचा. फक्त मच्छरदाणीचं कापड नको, बारीक अळ्या निसटतात. अर्ध्या मिलिमीटर छिद्रांची वीण घ्या. सर्बर म्हणजे तळावर ठेवायची चौकट आणि तिच्या मागे जाळी; ती चौकट वेल्डरकडून करून घ्यावी लागेल.

खरा फरक आकड्यांत. सर्बर 30 बाय 30 सेंमी तळ मोजून घेतो. चौकटीतला एकेक दगड हातानं चोळायचा. वाळूचे कण चिकटवून घर बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या तेव्हा कुठे सुटतात. मग चौरस मीटरला किती, हे छातीठोकपणे सांगता येतं. किक नेटमध्ये तळ ढवळणाऱ्या पायाचा जोर बदलला की आकडा बदलतो. पण काठाची मुळं, पालापाचोळा, सगळीकडे फिरते, म्हणून प्रकार जास्त सापडतात.

सर्बरला वाहतं, फूटभराच्या आतलं पाणी हवं. ओढ्याची डबकी झाली की तो निरुपयोगी. (पाणनिवळ्या दोघांनाही चकवतात.)

प्रजातींची यादीच हवी तर किक नेट. बंधाऱ्याच्या वरची-खालची घनता तोलायची तर सर्बर, आणि प्रत्येक जागी निदान तीन नमुने. यावल अभयारण्यात जाणार असाल तर आधी वनखात्याची परवानगी काढा.