तीन मीटर वायरचा डिजिटल थर्मामीटर: खाडीवर सात महिने वापरून

फिशटँकसाठी विकतात तो हा थर्मामीटर मी ऑक्टोबरात ३४० रुपयांना मागवला. घरी फिशटँक नाही. आमच्या खाडीत औष्णिक वीज केंद्राचं गरम पाणी सुटतं, ते किती गरम हे स्वतः मोजायचं होतं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते आणि सासरचं घर पिढ्यान्‌पिढ्या याच खाडीवर चाललंय.

आधी अचूकपणा. बर्फ कुटून थोड्या पाण्यात कालवला आणि वायरीचं टोक मधोमध धरलं. शून्य यायला हवं होतं, ०.४ आलं. शाळेच्या थर्मामीटरशी ताडून पाहिलं, तिशीच्या आसपासही फरक तेवढाच. दर वेळी सारखाच चुकतो, म्हणून वजा करून भागतं. आकडा स्थिरावायला मात्र दीड मिनिट लागतं, होडी नांगरावीच लागते.

पैसे वसूल होतात ते वायरीमुळे. गरम पाणी हलकं, ते वर पसरतं. डिसेंबरात ओहोटीला, पाणी सुटतं त्या तोंडाशी वरवर ३५.२ आलं. वायरीला जाळ्याचं शिसं बांधून दोन मीटर खाली सोडलं तर ३२.६. गरम पाणी पोचत नाही अशा, खाडीच्या वरच्या अंगाला त्याच सकाळी २८.७ होतं.

म्हणजे साडेसहा अंशांची वाढ. १ जून १९९९ नंतर सुरू झालेल्या, समुद्राचं पाणी वापरणाऱ्या केंद्रांना ७ अंशांपर्यंत मुभा आहे, तेव्हा कागदावर सगळं ठीक. पण मे महिन्यात खाडीच मुळात ३२ वर गेली आणि तोंडाशी ३८.३ दाखवलं. नियम फरक मोजतो, शिवल्यांना (तळाच्या चिखलातल्या शिंपल्यांना) मात्र पूर्ण ३८ सोसावे लागतात. बोय मासे, कोळंबी निघून तरी जातात, शिवल्या आणि कालवं जातील कुठे? शिवाय पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो. गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३५ ला ७ च्या आसपास, खाऱ्यात त्याहून कमी. आणि तापलेल्या पाण्यात जिवाला ऑक्सिजन लागतो जास्त.

सासूबाई पाण्यात पाय घालून सांगतात, "आज जास्त सोडलंय गं." बहुतेक वेळा आकडाही तेच सांगतो. एप्रिलात त्यांच्याबरोबर चिखलात हात घातला, तर निघालेल्या शिवल्यांतल्या निम्म्याहून जास्त आ वासलेल्या, आत नुसता काळा गाळ. वाळूउपशानेही नुकसान केलंय, ते नाकारत नाही. पण तोंडापासून लांब, जिथे उपसा तेवढाच आहे, तिथे टोपली अजून भरते.

तोटे आहेत. उन्हात आकडे दिसत नाहीत, पदराची सावली धरावी लागते. सेलचं झाकण ढिलं आहे. जानेवारीत खारं पाणी शिरून पत्र्या हिरव्या पडल्या, घासून चालू केला. आता वरचा भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधूनच नेते. आकडे साठवत नाही, म्हणून वही हवी, आणि वहीत वेळेबरोबर भरती की ओहोटी, उधाण (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) की भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) हेही लिहा. ३५.२ आलं त्याच जागी भरतीला ३०.१ होतं.

पाचपैकी चार. घ्यायचा तर तीन मीटरवालाच घ्या. एक मीटरचा स्वस्त मिळतो, पण तो वरच्या गरम थरातच राहतो आणि शिवल्या असतात तळाला.