हवेवरचा टोनआर्म की पिव्हटचा? आधी घराखालची माती बघा

टोनआर्म म्हणजे रेकॉर्ड प्लेअरवर सुई धरणारा दांडा. पिव्हटचा एका खिळीवर फिरतो, हवेवरचा दाबाच्या हवेवर तरंगत सरकतो. जुना हवेवरचा टोनआर्म मिळतोय, घेऊ का, असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: घर काळ्या मातीवर आहे की मुरमावर? समोरच्याला वाटतं, हा टाळतोय. पण परभणी-नांदेडकडे काळ्या रानात घर बांधलेल्या माणसाला विचारा. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीतल्या तिरक्या चिरा त्याप्रमाणे उघडतात आणि मिटतात, फरशीही किंचित इकडेतिकडे होते. पिव्हटच्या आर्मला याचं फारसं सोयरसुतक नाही. हवेवरच्या आर्मला मात्र आपोआप सरकायला केसभर उतारही पुरतो, कारण त्याला धरून ठेवायला घर्षणच उरलेलं नसतं.

आता दोघांत फरक काय ते बघू. मूळ तबकडी कापताना कापणारी सुई कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत जाते. पिव्हटचा आर्म कमानीत फिरतो. म्हणून त्याचं सुईकडचं डोकं तिरकं बसवतात आणि सुई मधल्या खुंटीच्या थोडी पुढे नेतात. टेक्निक्सच्या एसएल-१२०० या टर्नटेबलवर हे पुढे जाणं १५ मिलिमीटर आहे, आणि पिव्हटपासून सुईपर्यंतचं अंतर २३० मिलिमीटर. एवढं करूनही नेहमीच्या बेअरवाल्ड मांडणीत सुई खाचेशी अगदी सरळ येते ती दोनच ठिकाणी, केंद्रापासून साधारण ६६ आणि १२१ मिलिमीटरवर. बाकी ठिकाणी थोडी तिरकी, वाईटात वाईट दोनेक अंश. शिवाय त्या तिरक्या डोक्यापायी आर्म आत ओढला जातो, त्याला आवरायला अँटीस्केटिंग, म्हणजे बाहेरच्या बाजूचा हलका ओढा, लागतो.

हवेवरचा आर्म एका आडव्या नळीवर हवेच्या पातळ थरावरून सरकत सरळ आत जातो. आत ओढणं नाही, त्यामुळे अँटीस्केटिंगही नाही. फरक कळतो तो रेकॉर्डच्या बाजूच्या शेवटी. नाट्यपदांच्या एलपीत शेवटच्या पदातला ‘स’ फाटायचा, तो माझ्याकडे फाटायचा थांबला. हे खरं आहे. पण विकणारा एवढंच सांगतो.

पिव्हटचा आर्म बसवणं म्हणजे एका संध्याकाळचं काम. सुईचा कोन जुळवायचा कागदी प्रोट्रॅक्टर, सुईवरचा भार मोजायचा छोटा काटा, एक टॉर्च. चुकलात तरी थोडंच चुकता. रेगा कंपनीचा आरबी३०० हा पिव्हटचा आर्म १९८३ मध्ये आला, आजही जुना मिळतो आणि बसवल्यावर वर्षानुवर्षं विसरता येतो. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही, आणि हीच त्याची थोरवी.

हवेवरच्याचं तसं नाही. आधी टर्नटेबल पाणसळीने समपातळीत आणायचं, मग आर्मची नळी. सुईचा भार शून्यावर आणून हवा चालू करायची आणि आर्म तीन-चार ठिकाणी सोडून बघायचा. जिथे सोडला तिथेच थांबला पाहिजे. आत सरकत असेल तर बाहेरची कड उंच आहे. पण घाईने स्क्रू पिळू नका. कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या डबीच्या, केसासारख्या तारासुद्धा आर्मला ओढतात आणि उतार असल्याचा भास करतात. माझे दोन रविवार या तारांच्या वळणातच गेले. त्यानंतर सुईचं टोक कडेपासून शेवटपर्यंत मधल्या खुंटीच्या केंद्रातून जाणाऱ्या एकाच रेषेवर चालतं का, ते बघायचं. एका टोकाला जुळलं आणि दुसऱ्याला सुटलं, तर नळीच तिरकी बसली आहे.

मी टर्नटेबल जमिनीवरच्या स्टँडवरून काढून भिंतीत ठोकलेल्या ब्रॅकेटवरच्या शहाबादी फरशीवर नेला. तरीही मृगानंतर एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा पाणसळ काढावीच लागते.

फेरफार करायची हौस असेल तर हवेवरच्या आर्ममध्ये रान मोकळं आहे, पण पिव्हटवर शिकलेलं इथे उलटं पडतं. पिव्हटवर जड वजन पिव्हटच्या जवळ ठेवणं चांगलं. हवेवरच्या आर्मला आडवं जाताना सगळाच्या सगळा ऐवज सरकवावा लागतो, म्हणून मागचं वजन हलकं घेऊन लांब ठेवायचं. फ्लोरिडातल्या ब्रूस थिगपेन यांच्या ईटी-२ या हवेवरच्या आर्ममध्ये ते वजन पातळ पट्टीच्या स्प्रिंगवर टांगलेलं असतं, तेही या आडव्या भारासाठीच. मी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत लेथवर पितळेच्या तीन चकत्या करून घेतल्या. कारागिराने विचारलं, सोनाराचा तराजू करताय का? सर्वांत हलकी चकती सर्वांत लांब लावल्यावर खालचा सूर मोकळा झाला.

या आडव्या भाराचा खरा त्रास मधलं भोक केंद्रात नसलेल्या रेकॉर्डवर होतो. माझ्याकडच्या जुन्या देशी रेकॉर्डमध्ये असल्या बऱ्याच आहेत. ३३⅓ फेऱ्यांना आर्म दर १.८ सेकंदाला एकदा डावी-उजवीकडे झुलतो आणि ते सगळं वजन सुईची बारीक दांडी ओढत असते. फार मऊ दांडीचं कार्ट्रिज इथे लावू नका.

आता हवा. इथेच मराठवाड्याचा हिशोब वेगळा होतो. ईटी-२ मोजक्याच पीएसआयवर (टायरची हवा मोजतात ते दाबाचं माप) चालतो, कुझ्मा कंपनीच्या एअरलाइन या आर्मला ६५ च्या आसपास लागतात, म्हणजे मोटरसायकलच्या टायरच्या दुप्पट. कमी दाबाला मत्स्यालयाच्या दुकानातला मोठा पंप जमतो, पण त्याची धकधक मधल्या एखाद्या टाकीत मुरवावी लागते. मी शहाणपणा करून पंक्चरवाल्याकडे असतो तसला कॉम्प्रेसर आणला. आठवड्यात आर्म अडखळू लागला, कारण नळीवर तेलाचा तवंग. दातांच्या दवाखान्यात असतो तसला बिनतेलाचाच घ्या, मध्ये धुळीचं आणि पाण्याचं फिल्टर टाका, आणि पावसाळ्यात टाकीतलं पाणी रोज सोडा. पंप जिन्याखाली ठेवा. घरातल्यांचा राग आवाजावरून सुरू होतो आणि खर्चापर्यंत पोचतो.

लाईट गेली की पिव्हटवाला उठून आर्म उचलतो, बस. हवेवरच्यात पंप बंद पडला की आर्म नळीवर बसतो आणि जागीच अडकतो. जड थाळी मात्र अजून फिरत असते आणि खाच सुईला आत खेचत राहते. म्हणून पंप इन्व्हर्टरवर हवाच, आणि टाकी आर्म उचलून होईपर्यंत हवा टिकेल एवढी मोठी. क्रमही पाठ करा: आधी हवा, मग सुई; आधी सुई वर, मग हवा बंद. घरात मुलं किंवा पाहुणे रेकॉर्ड लावत असतील तर हा क्रम कधी ना कधी चुकतो. अशा घराला मी पिव्हटच सुचवतो.

देखभाल कटकटीची आहे, अवघड नाही. नळीला बोट लावायचं नाही. मार्च-एप्रिलच्या धुळीत पंधरा दिवसांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. पिव्हटच्या आर्मला वर्षातून एकदा सुई आणि भार तपासला की झालं.

एकट्याची खोली आहे, रेकॉर्ड तुम्हीच लावता, इन्व्हर्टर धड आहे आणि पाणसळ घेऊन बसण्यात तुम्हाला मजा वाटते, तर घ्या. जाताना पाणसळ बरोबर न्या. हवा चालू करून, भार शून्यावर ठेवून आर्म नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकेच फुंकून सरकवा. सगळीकडे सारखाच सरकला तर बोलणी करा. एकाच जागी दरवेळी अडखळत असेल तर आधी अल्कोहोलने पुसून पुन्हा बघा. तरीही तिथेच अडखळला तर नळीला ओरखडा आहे, चहा पिऊन परत या.