नागपूरच्या उन्हाळ्यातून गेलेला असेंबल्ड संगणक: वापरानंतरचा अनुभव

२०२५ च्या मार्चमध्ये सुटे भाग निवडून जुळवून घेतलेल्या या संगणकाने आता नागपूरचा एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा पाहिला आहे, त्यामुळे त्याच्याविषयी सविस्तर लिहिण्यास हरकत नाही. काम ठरलेले होते: व्याख्यानांच्या आणि समारंभांच्या चित्रीकरणाचे संपादन, तेही सलग काही तास. भाग असे: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ रॅम, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १ टीबीचा एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॅटचा गोल्ड दर्जाचा एसएमपीएस (भिंतीवरची वीज भागांना लागेल तशी करून देणारा पॉवर सप्लाय), पुढे जाळी असलेले कॅबिनेट आणि १००० व्हीएचा यूपीएस. यादी वाचणाऱ्याची नजर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर थांबते. परंतु रोजच्या वापरात संगणक सुखाचा की तापदायक हे शेवटच्या तीन वस्तूंनीच ठरवले, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

असेंबल्ड संगणकाची आखणी भिंतीवरच्या सॉकेटपासून करावी, असे माझे मत आहे. एसएमपीएसमध्ये विजेतील गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही बाजूंनी कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडलेले असतात. घरात अर्थिंग नसेल, तर त्या पत्र्यावर पुरवठ्याच्या साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासचा दाब येतो. प्रवाह अत्यल्प असल्याने माणसाला फक्त झिणझिण्या जाणवतात, आणि अनेक जण त्याला ‘कॅबिनेट शॉक मारते’ असे म्हणून दुकानदाराला दोष देतात. विदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची माती वाळली की तिचा विद्युतरोध वाढतो, त्यामुळे खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतण्याची जुनी पद्धत अजूनही उपयोगी आहे. मी खरेदीपूर्वीच वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतले होते. त्याचा खर्च एका बऱ्या कीबोर्डइतकाही आला नाही.

पुढचा प्रश्न यूपीएसचा. या प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेले असले, तरी पूर्ण भारावर तो ८८ वॅटपर्यंत घेतो. कार्डाचे ११५ वॅट. बाकी मदरबोर्ड, पंखे, एसएसडी आणि रूपांतरणातील गळती धरून भिंतीवरची मागणी पावणेतीनशे वॅटच्या घरात जाते, आणि मॉनिटर त्याशिवाय वेगळा. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो, म्हणजे आकडेमोडीत तो कसाबसा पुरतो आणि बॅटरी थोडी जुनी झाली की पुरत नाही. त्यातच आजच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज पुरवठ्याच्या लहरीप्रमाणे ओढणारी रचना) असते आणि चौकोनी लहरीच्या स्वस्त यूपीएसशी किंवा घरगुती इन्व्हर्टरशी तिचे नेहमीच जमते असे नाही. वीज जाताच संगणक बंद पडतो आणि यूपीएस असून नसल्यासारखा होतो. साइन वेव्ह, म्हणजे घरच्या पुरवठ्यासारखी गुळगुळीत लहर देणारा यूपीएस घेतल्यामुळे जूनच्या वादळी संध्याकाळींतही एकदाही चालू काम गमावले नाही.

एसएमपीएस ६५० वॅटचा कशासाठी, असे दुकानातही विचारले गेले. निम्म्या भारावर गोल्ड दर्जाची कार्यक्षमता सुमारे ९० टक्के असते, पंखा शांत राहतो आणि पुढे मोठे कार्ड घेतल्यास तोच चालतो. मात्र गोल्डचा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो. आतील कपॅसिटर १०५ अंश तापमान सोसणारे आहेत का, अतिप्रवाह आणि अतितापमानापासून संरक्षण आहे का, हे वेगळे पाहावे लागते.

हवेबद्दल बोलायचे तर कॅबिनेटच्या पुढे काच नव्हे, जाळी हवी, एवढे सांगून थांबता आले असते. पण नागपूरचा मे महिना एवढ्यावर थांबू देत नाही. खोलीचे तापमान एक अंशाने वाढले की प्रोसेसरचेही जवळपास तेवढेच वाढते. हा प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेला आहे आणि त्याच्यासोबत एक छोटा कूलर मिळतोही, परंतु तो उन्हाळ्यात फार आवाज करतो, म्हणून आखणीतच मोठा टॉवर कूलर धरला होता. हिवाळ्यात रेंडर करताना, म्हणजे संपादित चित्रफीत अंतिम रूपात तयार करताना, तापमान सत्तरच्या आसपास राहते; मेमध्ये ते ऐंशीच्या थोडे वर गेले. दुपारी बायोसमधील (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधील) ४५ वॅटचा इको मोड लावला की ते पुष्कळ खाली येते आणि रेंडरला लागणारा जादा वेळ चहा होईपर्यंत भरून निघतो. डेझर्ट कूलरचा झोत मात्र कॅबिनेटवर थेट येऊ देऊ नये, कारण त्यासोबत बारीक तुषार येतात आणि जाळीवरच्या धुळीचा चिखल होतो. दोन पंखे हवा आत घेणारे आणि एक बाहेर टाकणारा ठेवल्याने आत किंचित जादा दाब राहतो, आणि धूळ फटींतून न शिरता जाळीवरच अडते.

प्रोसेसर आणि कार्डाविषयी तक्रार नाही. सहा कोअर माझ्या कामाला पुरतात, आणि प्रोसेसर ज्यात बसतो त्या एएम५ सॉकेटला किमान २०२७ पर्यंत आधार देण्याचे एएमडीने जाहीर केल्यामुळे पुढे मदरबोर्ड न बदलता प्रोसेसर बदलता येईल. एक मर्यादा मात्र संपादन करणाऱ्यांनी आधीच जाणून घ्यावी: ४:२:२ प्रकारचे (रंगांची माहिती अधिक साठवणारे) १०-बिट चित्रीकरण आरटीएक्स ४० मालिकेतील कार्डे हार्डवेअरवर उलगडत नाहीत, तर इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरमधील अंगचे ग्राफिक्स एचईव्हीसी या संक्षेपण पद्धतीतील असे चित्रीकरण सहज उलगडते. आमचा कॅमेरा रंगांची माहिती त्याहून कमी ठेवणारे ४:२:० देतो म्हणून ही निवड योग्य ठरली. ज्यांचा कॅमेरा ४:२:२ देतो, त्यांना या जोडीवर प्रॉक्सी, म्हणजे संपादनापुरत्या हलक्या प्रती, बनवत बसावे लागेल. कॅमेरा न पाहता संगणक सुचवणाऱ्यांचे मला नेहमीच नवल वाटते.

रॅमने मात्र परीक्षा पाहिली. पहिल्यांदा सुरू करताना डीडीआर५ स्वतःची जुळवणी करते आणि त्या काळात पडदा काही मिनिटे काळा राहतो. हे माहीत नसल्यास माणूस घाबरून बटण दाबतो. चार पट्ट्या लावल्या की एएम५ वर वेग बराच उतरतो, म्हणून १६ जीबीच्या दोनच पट्ट्या घेतल्या. पावसाळ्यात संगणक अधूनमधून निळा पडदा दाखवू लागला. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम रात्रभर चालवल्यावर एका पट्टीत चुका सापडल्या. वॉरंटी होती, पण पट्ट्या जोडीने विकल्या जात असल्याने सेवा केंद्राने दोन्ही जमा करण्यास सांगितले, आणि बदली येईपर्यंत मित्राकडून आणलेल्या एका पट्टीवर काम रेटावे लागले. ब्रँडेड संगणकात एकाच ठिकाणी तक्रार करता येते; येथे प्रत्येक भागाची कंपनी वेगळी, वॉरंटीचा काळ वेगळा आणि बिलावर सीरियल क्रमांक नसेल तर वादही वेगळा. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून घेताना प्रत्येक क्रमांक बिलावर लिहून घेतला होता, तो येथे कामी आला. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले, तेव्हा वॉरंटीतून आलेल्या त्या जोडीची किंमत अधिकच कळली.

एसएसडी टीएलसी प्रकारचा (प्रत्येक पेशीत तीन बिट साठवणारा) आहे आणि त्याने लक्ष वेधून घेण्यासारखे काहीही केलेले नाही. आरजीबी दिवे घेतले नाहीत.

आता काळजी आहे ती यूपीएसमधील बॅटरीची. शिसे-आम्लाची बॅटरी उष्णतेत लवकर क्षीण होते, म्हणून यूपीएस कॅबिनेटच्या मागच्या गरम झोतापासून दूर, टेबलाखालच्या मोकळ्या कोपऱ्यात हलवला आहे आणि एप्रिल सुरू होण्यापूर्वी तो पूर्ण भारावर किती मिनिटे तग धरतो हे मोजून घेणार आहे.