‘एसएसडी गेलीय’ असं सांगून लॅपटॉपमधले चांगले भाग काढून घेतले: महागडा लॅपटॉप दुरुस्तीला देणाऱ्यांसाठी

माझी धाकटी बहीण नाशिकमध्ये इंटिरियर डिझाइनची कामं करते. नकाशे आणि मॉडेल्स काढायची ऑटोकॅड आणि स्केचअप ही सॉफ्टवेअर हीच तिची रोजीरोटी, म्हणून २०२२ साली तिने एक लाख तीस हजारांच्या आसपास मोजून चांगला लॅपटॉप घेतला. आत १६ जीबी रॅम (८ जीबीच्या दोन पट्ट्या), १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (सगळ्या फाइल साठवणारी वेगवान डिस्क) आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड. गेल्या वर्षी हा लॅपटॉप सुरू व्हायलाच कुरकुर करायला लागला. कंपनीचा लोगो लगेच यायचा, पासवर्डची पाटीही यायची, पण पासवर्ड टाकल्यावर डेस्कटॉप नुसता दिसायचा, माउस जागचा हलायचा नाही. ऑटोकॅड उघडायला घेतलं की गोल चक्र फिरतंय ते फिरतंयच.

वॉरंटी संपलेली होती आणि ग्राहकाला ड्रॉइंग द्यायची तारीख डोक्यावर होती. तिने लॅपटॉप एका दुरुस्तीच्या दुकानात दिला. दुकान गल्लीबोळातलं नव्हतं. मोठा बोर्ड, काचेचं केबिन, एकसारखे टी-शर्ट घातलेली मुलं, इंटरनेटवर भरपूर चांगले शेरे. हे मुद्दाम लिहितोय, कारण ‘स्वस्तात जायला गेले आणि फसले’ असा हा प्रकार नाही.

दुकानदाराने लॅपटॉप ठेवून घेतला, जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, ‘लॅपटॉप स्लो’ एवढंच लिहिलं आणि लॉगिनचा पिन मागून घेतला. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप: “मॅडम, एसएसडी गेलीय. कधीही बंद पडेल. बोर्डवर पण लोड येतोय. नवीन टाकून बोर्ड सर्व्हिसिंग करून देतो, डेटा पूर्ण कॉपी होईल.” डेटा जाईल या धास्तीने कुणीही ‘करा’ म्हणेल, तसं तिनेही म्हटलं. ९,८०० रुपये यूपीआयने गेले. जुनी एसएसडी मागितल्यावर उत्तर मिळालं, “ती डेड झाली मॅडम, स्क्रॅपमध्ये गेली.”

घरी आणला तेव्हा लॅपटॉप झकास चालत होता. ही फसवणूक नेमकी इथेच लपते. कोऱ्या विंडोजवर लॅपटॉप वेगाने चालणारच. साचलेले प्रोग्राम नाहीत, पार्श्वभूमीला चालणाऱ्या गोष्टी नाहीत. आत भाग हलक्या दर्जाचा बसवला असला तरी पहिले काही दिवस ग्राहक खूश असतो, दुकानाला पाच तारेही देऊन मोकळा होतो. मग हळूहळू तिने आपले प्रोग्राम टाकले, मोठी मॉडेल्स उघडायला लागली आणि लॅपटॉप पहिल्यापेक्षाही जड झाला. स्केचअपमध्ये एक बंगल्याचं मॉडेल फिरवताना तो अक्षरशः गोठायचा. पूर्वी तो आणि त्यातले प्रोग्राम सुरू व्हायला वेळ घ्यायचे, पण एकदा सुरू झाले की काम नीट व्हायचं. आता कामातच अडायला लागला.

तिने मला फोन केला, “दादा, पैसे घालवून हा आणखी बिघडला.” शनिवारी मी नाशिकला गेलो.

मी पहिल्यांदा टास्क मॅनेजर उघडला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की तो उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘मेमरी’वर क्लिक केलं. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात आकडा होता ८ जीबी. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे १ ऑफ २. म्हणजे दोन पट्ट्यांपैकी एक गायब. रॅमच्या दोन पट्ट्या जोडीने काम करतात तेव्हा प्रोसेसरशी होणारी देवाणघेवाणही दोन वाटांनी होते. एक काढली की जागाही निम्मी आणि वाटही एकच. रॅम अपुरी पडली की विंडोज तो भार एसएसडीवर टाकतं. आणि इथे एसएसडीसुद्धा ती राहिली नव्हती.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. ते डिस्कची पूर्ण कुंडली सांगतं. त्यात ‘इंटरफेस’पुढे ‘सीरियल एटीए’ असं आलं. एसएसडीच्या ज्या लांबट पट्टीला एम.२ म्हणतात, तीत दोन जाती असतात: जुन्या पद्धतीची साटा (हेच ते ‘सीरियल एटीए’) आणि वेगवान एनव्हीएमई. काही लॅपटॉपच्या खाचेत दोन्ही बसतात, हिच्या लॅपटॉपचंही तसंच. साटाची मर्यादा सेकंदाला साधारण ५५० एमबी. हिच्या मूळ एनव्हीएमईची वाचण्याची गती कागदोपत्री ३,५०० एमबीच्या घरात होती.

त्याच खिडकीत ‘पॉवर ऑन अवर्स’ असा रकाना असतो, म्हणजे ती डिस्क आजवर एकूण किती तास चालू राहिली. तिथे आकडा होता ११ हजारांच्या वर. वर्षभर एक क्षणही बंद न करता यंत्र चालवलं तर ८,७६० तास होतात. ‘नवीन’ म्हणून ९,८०० पैकी ६,५०० रुपये लावलेली ही एसएसडी दुसऱ्या कुठल्यातरी संगणकात वर्षानुवर्षं राबून आलेली होती. तो आकडा बघून बहीण काही बोललीच नाही, फक्त लॅपटॉप माझ्या हातातून घेऊन तिने स्क्रीनचा फोटो काढला.

मागचं झाकण उघडलं तेव्हा उरलासुरला संशयही फिटला. स्क्रूची डोकी खरवडलेली, रॅमची एक खाच रिकामी. एसएसडीच्या सोनेरी दातांमध्ये दोन खाचा होत्या. साटा पट्टीला बहुतेक वेळा अशा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला सहसा एकच. तिच्यावरचं मूळ स्टिकर खरवडून काढून वर दुसरं चिकटवलेलं होतं.

आता पुरावा. लॅपटॉपच्या तळाशी छापलेला सर्व्हिस क्रमांक टाकला की बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर, ते यंत्र कारखान्यातून निघालं तेव्हा आत काय काय होतं त्याची यादी मिळते. ती यादी छापली. खरेदीचं पक्कं बिल होतं, त्यावरही १६ जीबी आणि एनव्हीएमई असं स्पष्ट लिहिलेलं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘एसएसडी गेलीय’ हा निरोप, यूपीआयची पावती, जॉबशीट, झाकण उघडल्याचे फोटो, क्रिस्टलडिस्कइन्फोचा स्क्रीनशॉट. हे सगळं घेऊन आम्ही दोघं दुकानात गेलो.

सुरुवातीला नेहमीचाच पवित्रा. “सर, आमच्याकडे आला तेव्हाच आठ जीबी होती.” मग, “आमच्या मुलाने चुकून काढली असेल.” मग, “तुम्ही बाहेर कुठे उघडला असेल, आम्ही जबाबदार नाही.” आवाज चढवण्यात काही अर्थ नव्हता. लेखी तक्रारीची एक प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली आणि दुसरीवर पोच मागितली. तीत कारखान्याची यादी जोडली होती, आणि ग्राहक आयोगाबरोबर पोलिसांतही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) आणि कलम ३१६ (विश्वासघात) खाली तक्रार देणार असं साध्या शब्दांत लिहिलं होतं. पोच त्यांनी दिली नाही. पण संध्याकाळी फोन आला की एसएसडी आणि रॅम ‘सापडली’, येऊन घेऊन जा. स्क्रॅपमध्ये गेलेली, डेड झालेली एसएसडी सापडली.

ती घरी आणून लॅपटॉपमध्ये पुन्हा बसवली, तर तिचं जुनं विंडोज जसंच्या तसं सुरू झालं. क्रिस्टलडिस्कइन्फोने तिची प्रकृती ९६ टक्के दाखवली. म्हणजे डिस्कला काहीही झालेलं नव्हतं.

मग मुळात लॅपटॉप हळू का झाला होता? उत्तर त्याच टास्क मॅनेजरमध्ये होतं, आणि दुकानातल्या कुठल्याही मुलाला ते दोन मिनिटांत दिसलं असतं. लॅपटॉपबरोबर आलेलं चाचणीचं अँटिव्हायरस आणि नंतर टाकलेलं दुसरं अँटिव्हायरस, दोन्ही एकाच वेळी प्रत्येक फाइल तपासत होती. एकाने फाइल उघडली की दुसरं ती तपासायला धावायचं. ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’च्या यादीत वीसेक गोष्टी चालू: प्रिंटरचा मदतनीस, दोन क्लाउड सेवा, बैठकांची अ‍ॅप्स, कधीच न वापरलेला एक गेमिंग प्रोग्राम. आणि सी ड्राइव्ह जवळजवळ काठोकाठ भरलेला. एसएसडी इतकी भरली की तिला लिहिण्यासाठी मोकळी जागा आवराआवर करून काढावी लागते आणि ती स्वतःच मंदावते. एक अँटिव्हायरस काढलं, यादीतल्या नको त्या गोष्टी ‘डिसेबल’ केल्या, जुनी रेंडर्स (मॉडेलवरून तयार केलेली चित्रं) बाहेरच्या डिस्कवर हलवली. लॅपटॉप पुन्हा नव्यासारखा सुरू व्हायला लागला. खर्च शून्य.

त्याच ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’च्या पानावर वर ‘लास्ट बायोस टाइम’ म्हणून सेकंदांचा आकडा असतो. विंडोज सुरू होण्याआधी यंत्राने किती वेळ घेतला ते तो सांगतो. हिच्याकडे तो अगदी कमी होता, म्हणजे अडचण विंडोज आणि त्यावरच्या प्रोग्राममध्ये होती. ‘बोर्डवर लोड’ वगैरे निव्वळ थाप.

हा प्रकार आपल्याकडेच होतो असं नाही. अमेरिकेत ऑफिस डेपो ही मोठी दुकानसाखळी आणि सपोर्ट डॉट कॉम ही तिची तांत्रिक भागीदार कंपनी, या दोघांवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने आरोप ठेवले होते. ग्राहकाचा संगणक मोफत ‘तपासताना’ सुरुवातीला चार प्रश्न विचारले जायचे, त्यातला एक संगणक हळू चालतो का हा. एकालाही ‘हो’ म्हटलं की तो प्रोग्राम प्रत्यक्ष तपासणीत काय निघालं ते न बघता व्हायरसची लक्षणं आढळल्याचं दाखवायचा, आणि मग महागडी दुरुस्ती विकली जायची, असा तो आरोप. २०१९ साली दोघांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. ‘हळू चालतो’ ही तक्रार अशी आहे की तिचं कारण ग्राहकाला दिसत नाही. दुरुस्ती करणारा सांगेल ते कारण.

पण पैशांपेक्षा मला अजून अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरीच आहे. ती एसएसडी इतके दिवस त्यांच्या ताब्यात होती, आणि ती पुसलेलीही नव्हती. तिच्यात ग्राहकांच्या घरांचे नकाशे होते, कुणाच्या घरात तिजोरी कुठे बसवायची त्यासकट. आधार आणि पॅनच्या प्रती होत्या, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड होते, आणि त्यांच्याकडे लॉगिनचा पिनही होता. डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची बिटलॉकर ही सोय चालू नव्हती, त्यामुळे ती डिस्क दुसऱ्या कुठल्याही संगणकाला जोडून सगळं वाचता आलं असतं. कुणी वाचलं का, प्रती काढल्या का, हे आम्हाला कधीच कळणार नाही. त्या रात्री बसून आम्ही ईमेल, बँक, क्लाउड सगळ्यांचे पासवर्ड बदलले, सगळीकडे दोन टप्प्यांची पडताळणी लावली. तिने आपल्या ग्राहकांना स्वतः फोन करून हे सांगितलं. फार अवघड फोन होते ते. सगळ्यांनी ऐकून घेतलं, एका कुटुंबाने मात्र काम थांबवलं.

तुमचा लॅपटॉप हळू झाला असेल तर दुकानात पाऊल टाकण्याआधी टास्क मॅनेजर उघडून अर्धा तास बसा. द्यायचाच झाला तर आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. रॅमच्या आणि डिस्कच्या पानाचे, क्रिस्टलडिस्कइन्फोच्या खिडकीचे मोबाइलवर फोटो काढा. डिस्कचा सीरियल क्रमांक, रॅम किती, एसएसडी कुठल्या जातीची, हे जॉबशीटवर दुकानदाराकडूनच लिहून घ्या आणि सही-शिक्का मागा. लिहायला कां-कूं करत असेल तर उठा. शक्य असेल तर झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा; चांगले कारागीर याला हरकत घेत नाहीत, असे प्रामाणिक लोक मला नाशिकमध्येच नंतर भेटले. भाग बदलला तर जुना भाग परत घ्यायचाच, मेलेला असला तरी. डिस्कच्या बाबतीत तर यात तडजोड नकोच. आणि दुरुस्तीला देण्याआधी बिटलॉकर चालू करून त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा लांबलचक क्रमांक, स्वतःजवळ लिहून ठेवा. भाग बदलण्यासाठी पिन लागत नाही.

इंटरनेटवर लॅपटॉप कंपनीचा ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून फोन लावणाऱ्यांनाही सांगतो. तिथे दिसणारे कित्येक नंबर खोटे असतात. समोरचा दूरून संगणक हाताळायचं अ‍ॅप टाकायला लावतो आणि नजर असते ती बँक खात्यावर. क्रमांक फक्त कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

भाग परत मिळाले म्हणून आम्ही गप्प बसलो नाही. ९,८०० रुपये त्यांनी परत केलेले नाहीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथून दुकानाला विचारणा गेली, त्यांनी उत्तर दिलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ऑनलाइन दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत घटना घडल्यापासून दोन वर्षांची. गेल्या वर्षभरात कुठे दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप घरात असेल तर आजच त्याचे ‘पॉवर ऑन अवर्स’ आणि रॅमचा आकडा बघा. गडबड निघाली तर तुमच्याकडे अजून वेळ आहे.