फॅन फिरतोय म्हणून पैसे देऊन मोकळे होऊ नका : कूलिंग फॅनच्या वायरिंगमध्ये मला घातलेली टोपी

मंडळी, जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांसाठी हे लिहितोय, आणि त्यातही ज्यांचा इंजिनचं पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरवरचा ओरिजिनल फॅन बंद पडलाय आणि कुणीतरी "साहेब, हा काढून टाका, डबल फॅन आणि कंट्रोलर बसवून देतो, कायमची कटकट जाईल" असं गळ्यात मारायला बघतोय त्यांनी तर वाचाच. नाव घेत नाही. असा एक तरी माणूस सगळीकडे असतो आणि नावं वेगळी असली तरी पद्धत तीच असते, म्हणून पद्धतच सांगतो.

माझी गाडी दोन सीटची, बुटकी, नाकाला हवा आत घ्यायला जेमतेम फट. अशा गाडीला रस्ता मोकळा असेल तर फॅन लागतच नाही, ताशी ५०-६० किलोमीटरच्या वर गेलं की समोरून येणारा वाराच पुरतो, खरी परीक्षा ट्रॅफिकमध्ये आयडलला उभं असताना. तिथेच तापमानाचा काटा चढायला लागला, बघितलं तर फॅन फिरत नव्हता. म्हणून याच्याकडे गेलो, स्पोर्ट्स कारचं वायरिंग करणारा म्हणून त्याचं बऱ्यापैकी नाव होतं.

त्याने फॅनचा प्लग काढला, बॅटरीवरून दोन वायरी आणून लावल्यासारख्या केल्या, फॅन हलला नाही, निकाल जाहीर : मोटर जळाली. ही टेस्ट पद्धत म्हणून बरोबरच आहे, फॅनला थेट बारा व्होल्ट दिले आणि तो फिरला तर मोटर चांगली, बिघाड पुढे कुठेतरी वायरिंगमध्ये. फक्त वायर खरंच टेकली का नाही हे वाकून बघायला पाहिजे, आणि तो नेमका माझ्या आणि फॅनच्या मध्ये उभा होता.

मग सुरू झालं भाषण. दोन हाय परफॉर्मन्स फॅन, प्रत्येकी वीसच्या वर अँपियर खेचणारे, चार स्क्वेअर एमएमची कॉपर वायर, चाळीस अँपियरचा रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू बंद करणारा स्विच), आणि सगळ्यात भारी म्हणजे पीडब्ल्यूएम कंट्रोलर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पीडब्ल्यूएम म्हणजे मोटरचा सप्लाय सेकंदाला शेकडो हजारो वेळा चालू बंद करून फॅनचा स्पीड हळूहळू वाढवणं, त्यामुळे फॅन एकदम सुरू होताना जो करंटचा दणका बसतो तो बसत नाही आणि इंजिन थोडं गरम असेल तर फॅनही थोडाच फिरतो. चीज खरी आहे, हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत कंपनीतूनच येते. इंजिन बंद केल्यावरही गरज असेल तर फॅन चालू राहील असंही सांगितलं, आणि तेही पटण्यासारखं होतं, कारण गाडी उभी केली की पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिनची उष्णता आत साठून तापमान काही वेळ उलट वाढतंच. अशी माणसं माहिती खोटी देत नाहीत हो, माहिती खरी आणि माल खोटा, म्हणून तर आपण ऐकून घेतो.

गाडी ताब्यात घेतली तेव्हा काम दिसायला एक नंबर होतं. सगळ्या वायरी काळ्या जाळीदार स्लीव्हमध्ये, बाजूला एक काळा डबा, त्याला एक नॉब, लुकलुकणारा निळा एलईडी आणि वर स्टिकर "उघडल्यास वॉरंटी रद्द". चावी फिरवली, दोन्ही फॅन सुरू, आवाज विमानासारखा. जुना फॅन मागितला तर म्हणे भंगारात गेला.

पहिली शंका आली ती सकाळी थंड इंजिनवर. चावी ऑन केली की फॅन लगेच फुल्ल स्पीडला. फोन केला तर म्हणाला तो सेल्फ टेस्ट करतो, होईल बंद. तो काही बंद होईना. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, साधारण ८२ किंवा ८८ डिग्रीला उघडतो, त्याच्या आधी रेडिएटरमध्ये गरम पाणी येतच नाही तर फॅन कशासाठी फिरणार? फॅनचा स्विच नेहमी थर्मोस्टॅटच्या वरचा ठेवतात, समजा ९२ ला चालू आणि ८७ ला बंद, मधला हा फरक मुद्दाम असतो, नाहीतर फॅन दर मिनिटाला चालू बंद करत बसेल. बरं चावी बंद केली की फॅन त्याच क्षणी बंद, इंजिन कितीही तापलेलं असो. नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी आवाजात काडीचा फरक नाही. आणि एवढे दोन राक्षस फिरत असताना ट्रॅफिकमध्ये काटा पुन्हा वर!

त्याचं उत्तर तयार होतं : गाडीच गरम प्रकृतीची आहे, रेडिएटर पण बदलावा लागेल. इथे मी थांबलो आणि ओळखीच्या एका मेकॅनिककडे गाडी नेली, जो आधी मीटर काढतो आणि मग तोंड उघडतो.

त्याने इंजिन चालू ठेवून वायरवर क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न कापता करंट मोजणारा चिमटा, अडकवला. दोन्ही फॅन मिळून पंधरा अँपियर. दोन्ही मिळून! म्हणजे एकेकाला साडेसात, नव्वद वॅटच्या आसपास. स्टिकरवर हवेचा आकडा काय वाट्टेल तो छापता येतो पण करंट न खाता फॅन जास्त हवा ओढू शकत नाही, त्यामुळे स्टिकर वाचत बसण्यात अर्थ नाही, मीटर लावा. मग त्याने व्होल्टेज बघितलं, बॅटरीच्या टोकांवर १३.६ आणि फॅनच्या प्लगवर ११.४. दोन व्होल्टच्या वर वाटेतच गायब. फॅनचा स्पीड व्होल्टेजबरोबर पडतो आणि हवा स्पीडबरोबर, म्हणजे आधीच मरतुकडे फॅन आणि त्यांना जेवायला पण अर्धपोटी. चांगल्या कामात बॅटरी प्लसपासून फॅन प्लसपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आतच ड्रॉप (वाटेत गळणारं व्होल्टेज) हवा, अर्थच्या, म्हणजे बॅटरी मायनसकडे परत जाणाऱ्या बाजूला त्याहून कमी, आणि हे मोजायचं फॅन फिरत असताना, बंद फॅनवर तर कुठल्याही भिकार वायरवर बारा व्होल्ट सुंदर दिसतात.

गेले कुठे ते व्होल्ट? स्लीव्ह कापली. वायरच्या कातडीवर चार स्क्वेअर छापलेलं, पण इन्सुलेशन जाडजूड आणि आत तारांचा झुपका बारीक, जेमतेम दीड स्क्वेअर. त्याने एक तार घेऊन ब्लेडने हलकेच खरवडली, तांबूस रंग निघाला आणि खाली पांढरं चकचकीत. सीसीए, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. त्याचा रेझिस्टन्स शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. हिशोब सोपा आहे, तांब्याची खरी चार स्क्वेअर वायर तीन मीटर लांब असेल तर पंधरा अँपियरला जातात ०.२ व्होल्ट, आणि या नकली वायरीत तेवढ्याच लांबीला ०.८. शिवाय इतक्या बारीक वायरीच्या मागे फ्यूज चाळीसचा. फ्यूज असतो वायर वाचवायला, इथे काही शॉर्ट झालं असतं तर आधी वायर पेटली असती आणि फ्यूज मजा बघत बसला असता. तोही बॅटरीपासून लांब, थेट डब्याजवळ, म्हणजे बॅटरी ते फ्यूज हा सगळा तुकडा रामभरोसे, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. अर्थ तर पत्र्यावरचा रंग न खरवडताच एका स्क्रूने आवळलेली, एक व्होल्ट तिथेच खल्लास.

आता डबा. चार स्क्रू, ते काढले. आत एक साधा रिले, हॉट ग्लूने चिकटवलेला, एलईडी आणि त्याचं लुकलुकणारं छोटंसं सर्किट, आणि वजन यावं म्हणून लोखंडाची एक पट्टी. नॉबच्या मागच्या तिन्ही पायांना एकही वायर जोडलेली नाही. सेन्सरची वायर म्हणून जी रेडिएटरच्या जाळीत खुपसलेली होती ती डब्याच्या बाजूने हलकेच ओढली तर सरळ हातात आली, टोक कापून टेपमध्ये गुंडाळलेलं, कुठे जोडलेलीच नव्हती. गॅरेजच्या भाषेत फॅन "डायरेक्ट" करून दिला होता, चावी ऑन तर फॅन ऑन, एवढंच, आणि वर त्याला नॉब चिकटवून कंट्रोलर म्हणून विकला होता. डायरेक्ट करणं हा पण एकवेळ घरी पोचायचा जुगाड म्हणून ठीक, पण तो जुगाड म्हणूनच सांगावा ना. रिलेवर चाळीस अँपियर छापलेलं, पण त्याच्या पायांना लोहचुंबक चिकटलं, म्हणजे पाय पितळेचे नसून मुलामा दिलेलं लोखंड, हे लोखंडी पाय गरम होतात आणि सॉकेट वितळवतात.

फॅन बसवायची पद्धतही बघून घ्या. श्राउड, म्हणजे फॅनभोवतीचं रेडिएटर झाकणारं आवरण, नाहीच, केबल टाय थेट रेडिएटरच्या कोअरमधून, म्हणजे जाळीतून आरपार. गाडीच्या थरथरीने हे टाय घासत घासत ट्यूबला भोक पाडतात, माझ्या रेडिएटरवर एका ठिकाणी चकचकीत घासलेली खूण दिसायलाही लागली होती. आणि श्राउड नसेल तर फॅन फक्त आपल्या गोलापुरतीच हवा ओढतो. फॅन चालू ठेवून रेडिएटरच्या पुढून एक कागद धरा, माझ्याकडे दोन गोलांसमोर कागद कसाबसा टिकला आणि कोपऱ्यात गेला की खाली पडला. ओरिजिनल श्राउड अख्ख्या रेडिएटरला झाकतो तो शोभेसाठी नाही.

खरा राग पुढे आला. मेकॅनिकने रेडिएटरवरचा जुना थर्मोस्विच (पाणी ठरावीक गरम झालं की फॅन लावणारा स्विच) बघितला, तो तसाच पडून होता. त्याच्या प्लगच्या आत हिरवा गंज. प्लगच्या दोन टोकांमध्ये वायरचा तुकडा लावून जोडलं तर ओरिजिनल रिले टक् करून वाजला आणि जुन्या फॅनच्या प्लगवर व्होल्टेज आलं. म्हणजे रिले चांगला, वायरिंग चांगलं, बिघाड त्या गंजलेल्या प्लगचा, ब्रशने घासून साफ करायचं काम. मोटर जळाली ही शुद्ध थाप. आणि काही दिवसांनी सेकंडहँड पार्टच्या एका जाहिरातीत माझ्याच मॉडेलचा फॅन "वर्किंग कंडिशन" म्हणून दिसला, श्राउडचा तुटलेला कोपरा मी स्वतः एपॉक्सीने जोडला होता आणि बाजूला पांढऱ्या मार्करने बाण काढला होता, दोन्ही फोटोत स्पष्ट. जुन्या गाड्यांचे ओरिजिनल फॅन सहजासहजी मिळत नाहीत, त्यामुळे त्याचं दोन्हीकडून साधलं, नकली किटचे पैसे माझ्याकडून आणि असली फॅनचे दुसऱ्याकडून. फोटो दाखवला तर म्हणे असे बाण काय कुणीही काढतं, आणि संध्याकाळपर्यंत जाहिरात गायब.

तक्रार करायची तर बिलावर काय लिहिलेलं? "फॅन फिटिंग व वायरिंग", बस. वायरची साईज नाही, फॅनचा करंट नाही, कंट्रोलर हा शब्दही नाही, सगळी हाय परफॉर्मन्स बडबड तोंडीच.

आता गाडीत भंगारातल्या त्याच मॉडेलच्या गाडीचा ओरिजिनल फॅन आहे, श्राउडसकट. थर्मोस्विचचा प्लग नवा. रिलेच्या ३० नंबरच्या पायाला बॅटरीवरून फ्यूजमधून सप्लाय, ८७ वरून फॅन, ८५-८६ ला कॉइल (तिच्यात करंट गेला की रिले जोडतो), थर्मोस्विच कॉइलची अर्थ जोडतो, त्यामुळे त्या स्विचमधून पाव अँपियरही जात नाही आणि सगळा भार रिले उचलतो. बॅटरी ते फॅन ड्रॉप ०.३ व्होल्ट. ट्रॅफिकमध्ये काटा मध्यावर येतो, फॅन लागतो, काटा उतरतो, फॅन बंद होतो, अगदी कंटाळवाणं.

तुम्ही असलं काम करायला देणार असाल तर जुना पार्ट परत मिळेल हे आधीच बिलावर लिहून घ्या, वायर किती स्क्वेअरची आणि कॉपर का सीसीए तेही. काम झाल्यावर थंड इंजिनला फॅन बंद राहतो का बघा, मग आयडलला गाडी गरम होऊ द्या आणि फॅन आपोआप लागून आपोआप बंद होईपर्यंत तिथेच उभे राहा, त्याला कितीही घाई असू दे. पीडब्ल्यूएम म्हणून पैसे घेतले असतील तर तापमान वाढेल तसा फॅनचा आवाज चढत गेला पाहिजे, एकदम टक् करून फुल्ल स्पीड लागला तर आत नुसता रिले आहे असं समजा. आणि वॉरंटीचा स्टिकर लावलेला डबा असेल तर पैसे द्यायच्या आधी त्याच्याच हाताने उघडायला लावा, नाही म्हणाला तर गाडी टो करून आणावी लागली तरी चालेल पण तिथून काढा.