परक्या डिस्कवरची मराठी नावं आणि सांबाचं 'कॅटिया': काही महिन्यांच्या वापरानंतर

लातूरला गंजगोलाईजवळ आमचं डीटीपी सेंटर आहे. स्मरणिका, गौरव अंक, लग्नाचे अल्बम हे रोजचं काम. फोटोग्राफर मॅकची हार्डडिस्क आणून देतात, कॉलेजांचा मजकूर लिनक्सच्या लॅपटॉपवरून येतो आणि आमची पानं लागतात विंडोजवर. या तिघांचं फाइलच्या नावांवरून जमत नाही. विंडोजला < > : " / \ | ? * ही नऊ चिन्हं नावात चालत नाहीत. लिनक्सला तिरकी रेघ (/) सोडली तर यांतलं सगळं चालतं. मॅकच्या फाइंडरमध्ये, म्हणजे फाइली दाखवणाऱ्या खिडकीत, तर तिरकी रेघसुद्धा टाइप करता येते, फक्त कोलन येत नाही.

आधी आम्ही मॅकची डिस्क विंडोजवर वाचणारं एक विकतचं सॉफ्टवेअर वापरत होतो. ते अशा प्रत्येक चिन्हाच्या जागी अंडरस्कोर टाकायचं. 'सत्कार १?' आणि 'सत्कार १*' दोन्ही 'सत्कार १_' झाले की एकाच फोल्डरात दोघांना जागा कशी मिळणार? शिवाय नाव बदललं की इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधल्या फोटोंच्या लिंक तुटतात. ऐन छपाईच्या आदल्या रात्री फोटो शोधत बसण्याइतका वैताग दुसरा नाही.

आता एका जुन्या पीसीवर लिनक्स आणि सांबा आहे. सांबा म्हणजे लिनक्सवरची फोल्डरं नेटवर्कवरून विंडोजला दाखवणारं सॉफ्टवेअर, आणि हा पीसी म्हणजेच आमचा सर्व्हर. डिस्क तिथं जोडायची, माल सर्व्हरवर उतरवायचा आणि विंडोजवरून शेअर (सांबानं दाखवलेलं फोल्डर) उघडायचा. जर्नल (बदलांची नोंदवही) असलेली मॅकची डिस्क लिनक्स फक्त वाचण्यापुरतीच जोडतो. मला ते बरंच वाटतं, गिऱ्हाइकाच्या मूळ मालाला हात लागत नाही. नुसत्या सांबावर मात्र अडचणीच्या नावाऐवजी मधे ~ असलेलं आठ अक्षरांचं सांकेतिक नाव दिसतं. त्यावरून फोटो कुणाचा ते कळायला मार्ग नाही.

इथं कॅटिया कामाला येतं. हे सांबाचंच एक मॉड्यूल, म्हणजे जोडभाग. कॅटिया याच नावाच्या कॅड (संगणकावर आराखडे काढायच्या) सॉफ्टवेअरच्या फाइलनावांत असली चिन्हं सर्रास असायची, त्यावरून हे नाव पडलं. सेटिंगच्या फाइलमध्ये कुठल्या चिन्हाऐवजी विंडोजला काय दाखवायचं त्याच्या जोड्या द्यायच्या. मी या मॉड्यूलच्या माहितीपानातल्या नमुन्याच्याच घेतल्या: कोलनला ÷, प्रश्नचिन्हाला ¿, ताऱ्याला ¤. फोटोग्राफरनं 'मुक्तिसंग्राम दिन १७/९' असं फोल्डर दिलं, तर लिनक्सवर ते '१७:९' होतं आणि विंडोजवर '१७÷९' दिसतं. पण सर्व्हरवरचं नाव बदलत नाही, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. परत देताना टार करून (सगळं एका फाइलीत बांधून) दिलं की मॅकवर पुन्हा '१७/९'. लिंकही तुटत नाहीत, कारण ÷ दरवेळी तेच असतं.

दोष आहेतच. नावात मुळातच ÷ असेल तर सर्व्हर त्यालाही कोलन समजतो, म्हणून आपल्या नावांत कधीच येणार नाहीत अशीच चिन्हं निवडावीत. दुसरं, नावाच्या शेवटी टिंब असेल तर कॅटियाचा उपयोग नाही. 'शैक्षणिक साहित्य इ.' किंवा 'सत्कारमूर्ती डॉ.' अशी फोल्डरं आपल्याकडे ढिगानं येतात, आणि शेवटचं टिंब विंडोजला खपत नाही. ती हातानं बदलावी लागतात.

मराठीत काम करणाऱ्यांनी कोलनकडे खास लक्ष ठेवावं. घाईत टाइप करणारे 'स्वतः'मधल्या विसर्गाऐवजी कोलनच दाबतात. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, पण खरा विसर्ग विंडोजला पूर्ण चालतो, कोलन चालत नाही. मग विंडोजवर 'स्वत÷ची शेती' उमटतं. असं नाव मात्र मी पानं लावण्याआधी सर्व्हरवर दुरुस्त करून घेतो, कारण मूळ नावातच ती चूक असते.

लांबीचा प्रश्न वेगळा. सर्व्हरच्या डिस्कवर फाइली ठेवायची लिनक्सची पद्धत आहे ईएक्सटी४. तिच्यात नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, त्यात काना, मात्रा, पाय मोडणं सगळं वेगळं मोजायचं. एकट्या 'विद्यार्थ्यांच्या' या शब्दातच १७ चिन्हं आहेत. विंडोजवर २५५ पर्यंत चालतात, त्यामुळे लेखाचं अख्खं शीर्षक नावात घातलेली फाइल सर्व्हर घेतच नाही. अशा वेळी मी नाव आखूड करतो आणि पूर्ण शीर्षक त्याच फोल्डरात एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवतो.